सिंहगड पाऊण तासात, मग नामचेला दोन रात्री कशाला?

प्रश्न: ताई, मी कोथरूडला राहतो, वय 41. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, पाऊण तासात वर. ऑक्टोबरमध्ये मी आणि मेहुणा एव्हरेस्ट बेस कँपला निघालोय. दोघांनाही रजेची बोंब, म्हणून नामचे आणि डिंगबोचेचे रेस्ट डे उडवू असं तो म्हणतोय. फिटनेस तर आहेच. चालेल का?

उत्तर: नाही चालणार, आणि हे मेहुण्यांनाही वाचायला द्या. पाऊण तासात सिंहगड म्हणजे दम चांगलाच आहे तुमचा, पण गड 1300 मीटरचा आणि दहाच्या आत तुम्ही घरी परत. बेस कँपला प्रश्न चढण्याचा नसतोच, झोपण्याचा असतो. 3000 मीटरच्या वर गेलं की रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त वर नको, असा साधा नियम आहे. आता तुमचाच रूट बघा, फाकडिंग 2610 आणि दुसऱ्या दिवशी थेट नामचे 3440, म्हणजे 830 मीटरची उडी, ती पचवायलाच नामचेला दोन रात्री असतात. त्या दिवशीही लोळत पडायचं नाही, 3880 च्या आसपास चढून यायचं आणि झोपायला खाली. टेंगबोचे ते डिंगबोचे, 4410, पुन्हा तेच.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही 21 टक्केच असतं, दाब मात्र उतरतो, बेस कँपच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामी, गोरखशेपला, 5160 ला, समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरासा वर. तिथं पाणी 83 अंशांनाच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही.

मी गेले तेव्हा आमच्यातला सगळ्यात फिट मुलगा, रोज दोनदा पर्वती चढणारा, गोरखशेपच्या अलीकडच्या मुक्कामी, लोबुचेला, जेवण नको म्हणाला, डोकं धरून बसला, चिडचिड करायला लागला. फरशीच्या रेघेवर टाचेला चवडा लावून चाल म्हटलं तर तिसऱ्या पावलाला भिंत धरली. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण, सकाळची वाट बघायची नाही. हेडलॅम्प लावून त्याच रात्री त्याला खालच्या गावी, फेरिचेला, उतरवला. खाली येता येताच माणसात आला. म्हणून डोकेदुखी लपवू नका, एकमेकांपासून तर अजिबात नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, पण गोळी हा रेस्ट डेला पर्याय नाही.

कपड्यांचं म्हणाल तर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी धरा. ट्रेक सुरू होतो त्या लुक्ल्यात, 2860 ला, टीशर्टवर फिराल, गोरखशेपला त्याहून 15 अंश कमी आणि रात्री शून्याच्या खाली. टेंगबोचेपर्यंत गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन), भोजपत्राची झाडं वारा अडवतात, डिंगबोचेच्या वर झाडच नाही, तेव्हा विंडचीटर बॅगेत वरच्या वर ठेवा. रजा मिळत नसेल तर पुढच्या वर्षी जा, पण पूर्ण जा.

प्रश्न: आईला जुलैत विमानानं लेहला नेतेय. पाऊस असेल का? (सिंहगड रोड)

उत्तर: फारसा नाही. मान्सूनचे ढग हिमालयाच्या अलीकडेच रिकामे होतात, लेहला वर्षाला 100 मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्याकडे एका जुलैत त्याहून जास्त. पण 2010 च्या ऑगस्टमध्ये तिथंच मोठी ढगफुटी झाली होती, म्हणून नाल्याकाठचा मुक्काम टाळाच. खरी काळजी वेगळी आहे. पुण्याच्या 560 मीटरवरून तुम्ही एका सकाळीत 3500 वर उतरणार. आईंच्या डॉक्टरांना आधी दाखवून घ्या, पहिले दोन दिवस नुसता आराम, आणि शांती स्तूप बघायचा तर तिसऱ्या दिवशी, पायऱ्यांनी नको, गाडी वरपर्यंत जाते.