‘आत्म्याने दीन’ म्हणजे नेमके कोण?

पुण्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या वर्गाला शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातले तिसरे वचन, “जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे”, वाचले की मुले विचारतात : दीन म्हणजे बिचारा ना? मग बिचारा माणूस धन्य कसा? ताईंना सोपा शब्द हवा आहे. ‘मनाने गरीब’ किंवा ‘नम्र’ म्हटले तर चालेल का, असे त्या विचारतात.

ताई, माझ्या मते दोन्ही शब्दांनी अर्थ निसटेल. ‘स्वभावाने अगदी गरीब आहे हो’ असे आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या माणसाबद्दल म्हणतो. त्याला देवाची गरज वाटते की नाही, याचा त्यात पत्ता नाही. ‘नम्र’ तर शेजारच्याच अर्थाचा शब्द, पण त्या जवळची जागा आधीच भरली आहे : दोन वचनांनंतर “जे सौम्य ते धन्य” येते. शिवाय नम्रता हा गुण झाला, आणि गुण म्हटला की तो आपल्या गाठीशी जमा होतो. इथे तर गाठीशी काहीच नाही, असे म्हणायचे आहे.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘प्तोखोस’. अंग चोरून बसणे, दबकणे या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते आहे. ग्रीकमध्ये गरिबाला आणखी एक शब्द आहे, ‘पेनेस’ : हातावर पोट असलेला, राबून कसेबसे भागवणारा. नव्या करारात तो जेमतेम एकदा, करिंथकरांस दुसऱ्या पत्रात येतो. प्तोखोसचे मात्र राबूनही भागत नाही, त्याला मागावेच लागते. लूकच्या शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायात श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराला हाच शब्द लावला आहे.

‘आत्म्याने’ या रूपानेही घोटाळा होतो. “पवित्र आत्म्याने भरलेले” यातला ‘ने’ करणाचा, म्हणजे ज्याच्याकडून किंवा ज्याच्या योगे घडले ते सांगणारा. त्या धर्तीवर ‘आत्म्याने दीन केलेले’ असा अर्थ लावलेला मी ऐकला आहे. पण आपण ‘पायाने अधू’, ‘अंगाने धडधाकट’ म्हणतो, त्यातला ‘ने’ कोणत्या बाबतीत एवढेच सांगतो. इथला ‘ने’ तोच. खिशाने कसाही असो, आत्म्याच्या बाबतीत जो मागणारा, तो. लूक 6:20 मध्ये ‘आत्म्याने’ नाही, नुसते ‘दीन’ आहेत. तिथले दीन खरोखरीचे गरीब आहेत, आणि मत्तयाचे वचन दाखवून त्यांना बाजूला सारणे मला पटत नाही.

तेव्हा ‘दीन’ हाच शब्द ठेवा, असे मी म्हणेन. दरिद्री माणूस एकटा असू शकतो. दीन म्हटले की मराठी मनाला लगेच दीनानाथ, दीनबंधू, दीनदयाळ आठवतात. या शब्दापुढे कुणीतरी देणारा उभा असतोच. मुलांच्या डोक्यात आहे तो ‘दीनवाणा’. तो चेहऱ्यावरचा भाव आहे, आणि इथे चेहऱ्याचा संबंध नाही. वर्गात सांगायला आपल्याकडे एक घरचा वाक्प्रचार आहे : पदर पसरणे. नाना पेठेतल्या एका घरगुती प्रार्थनेत एक आजी नेहमीच्या स्वरात म्हणाल्या होत्या, “प्रभू, माझ्या पदरात काही नाही, तूच घाल.” प्तोखोसचा याहून नेमका मराठी अर्थ मी कुठे ऐकलेला नाही. आवाजात रडगाणे नव्हते, स्वतःला हिणवणेही नव्हते. रिकामा पदर होता, आणि कुणापुढे पसरायचा हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अलीकडे काही ठिकाणी ‘ज्यांना आपल्या आध्यात्मिक गरजेची जाणीव आहे’ असा उलगडा करतात. अर्थ बरोबर आहे, पण ‘जाणीव’ शब्दाने तो अर्ध्यावर थांबतो, कारण गरज कळूनही न मागणारे पुष्कळ असतात. लूकच्या 18व्या अध्यायातला दाखला या दृष्टीने पुन्हा वाचा. दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, आभार मानतो, आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. सगळे खरेच असेल. पण त्याच्या अख्ख्या प्रार्थनेत एकही मागणे नाही! लोकांच्या नजरेत पापी असलेला जकातदार दूर उभा राहून, डोळे वर न करता, ऊर बडवत दया मागतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो तोच.

प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायात लावदिकीया शहरातल्या मंडळीचे तेच झाले आहे. ते शहर इतके सधन होते की इ.स. 60 च्या सुमाराच्या भूकंपानंतर रोमच्या मदतीविना पुन्हा उभे राहिले, अशी रोमन इतिहासकार टॅसिटसची नोंद आहे. तिथली मंडळीही म्हणते, मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही. प्रभू तिला जी विशेषणे लावतो त्यांत ‘प्तोखोस’ आहेच. म्हणजे धन्य म्हटलेला आणि कान उघाडणी झालेला, दोघेही रिकामेच. एकाने पदर पसरला, दुसऱ्याला तो भरलेला वाटला. मुलांना हा फरक सहज कळेल.

क्रियापदही दाखवा. मधल्या धन्यवादांत, म्हणजे ‘…ते धन्य’ अशा वचनांत, ‘सांत्वन मिळेल’, ‘वतन भोगतील’ असा भविष्यकाळ आहे. पहिल्यात मात्र “राज्य त्यांचे आहे”.

आणि फळ्यावर लिहिताना ‘दीन’मधला ‘दी’ दीर्घ. ऱ्हस्व ‘दिन’ म्हणजे दिवस. नाताळच्या फलकांवर ही चूक वारंवार दिसते.