मागच्या चाकाला आतून ओघळ

प्रश्न : मार्चमध्ये 2012 सालची एक छोटी पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतली. मागे ड्रम ब्रेक आहेत. पावसात हँडब्रेक ओढून चार दिवस उभी राहिली की मागचं चाक धरतं, मग पुढे घेताना ‘खट्’ करून सुटतं. आता मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला तेलकट ओघळ दिसतोय आणि ब्रेक ऑइलही खाली गेलंय. पाने आहेत, हात चालतो. घरीच ड्रम उघडून लायनर पेट्रोलने पुसून परत बसवले तर चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पुसून बसवू नका. मी तीस वर्षं सांगलीत गॅरेज चालवलं आणि ही चूक एकदा स्वतः केली आहे. गिऱ्हाईक घाईत होतं, लायनर पेट्रोलने धुतले, वाळवले, वरून पॉलिश पेपर मारला. दिसायला कोरे करकरीत. आंबा घाटात उतरताना ड्रम तापला, आत मुरलेलं ऑइल वर आलं आणि एका बाजूचं चाक असं धरलं की गाडी आडवी होता होता राहिली. कुणाला काही झालं नाही, पण त्यानंतर ऑइल प्यालेला लायनर मी कधीच परत बसवला नाही.

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. हँडब्रेक ओढलेला असताना शू (ज्यांवर लायनर असतो त्या कमानदार पट्ट्या) ड्रमला टेकून असतात, ओलीने गंज चढतो आणि दोन्ही चिकटतात. कोकणातल्या पावसात हे व्हायचंच. सपाट जागी गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा.

ओघळ मात्र गंभीर आहे. अशा बहुतेक गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं, मागे गिअर ऑइल नसतंच. शॉकअ‍ॅब्सॉर्बर गळत असेल तर ब्रेक ऑइल कमी होणार नाही. म्हणजे संशय व्हील सिलिंडरवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणाऱ्या चाकातल्या छोट्या सिलिंडरवर. दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, जवळच्या बाजारापर्यंतसुद्धा नाही.

उघडून बघायला हरकत नाही. पुढच्या चाकांना ठोकळे, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले करा. जॅकने उचलल्यावर गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. विटा किंवा चिऱ्यावर कधीच नको, ते अचानक फुटतात. काही गाड्यांत चाक निघालं की ड्रम ओढून निघतो, काहींत मध्यभागी टोपीखाली मोठा नट असतो. त्या नटाची कड ठोकून खाचेत बसवलेली असेल तर परत बसवताना नट नवीनच घ्या. ड्रम हलत नसेल तर त्यावर आटे पाडलेली दोन भोकं आहेत का बघा. त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले की ड्रम बाहेर येतो. हातोड्याने काठ फोडू नका.

आतली भुकटी फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. साबणाच्या पाण्याने भिजवून पुसा. मग सिलिंडरच्या रबरी टोपीची कड स्क्रूड्रायव्हरने अलगद उचला. आत नुसता दमटपणा असेल तर ठीक, थेंब पडला तर सिलिंडर गेला. ड्रम निघालेला असताना ब्रेक पेडल कुणालाही दाबू देऊ नका, सिलिंडरमधले पिस्टन बाहेर उडतात.

सिलिंडर बदला आणि लायनर दोन्ही चाकांचे नवीन घ्या, एकाच बाजूचे नकोत, नाहीतर गाडी खेचेल. एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी नमुना म्हणून राहू द्या. स्प्रिंगची कुठली बाजू कुठल्या भोकात आहे त्याचे मोबाइलवर फोटो काढा. उजव्या आणि डाव्या बाजूचे, शू आणि ड्रममधलं अंतर राखणारे अ‍ॅडजस्टर बहुधा सारखे नसतात, ते अदलाबदल करू नका. ड्रमवर आतून खोल चर असेल तर खराद्याकडे न्या, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल मापाच्या आतच.

आता एक गोष्ट, जिथे मी तुम्हाला थांबवणार. सिलिंडरला येणाऱ्या लोखंडी पाइपचा छोटा नट. बारा वर्षांच्या वर कोकणात राहिलेल्या गाडीत तो गंजून बसलेला असतो. साध्या पान्याने जोर लावला की त्याचे कोपरे झिजतात, नाहीतर पाइपच पिळून तुटतो. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर सोडा, पाइप नटाचा खास पाना वापरा. तरीही हलला नाही तर गाडी टोइंगवरून मेकॅनिककडे न्या, चालवत नको.

नट सुटला आणि सिलिंडर बसला तर आधी ड्रम परत चढवा, मग ब्रेकच्या पाइपात शिरलेली एअर काढायला कुणाला तरी पेडलवर बसवा. ‘दाब, धर, सोड’ असं ठरवून घ्या. सिलिंडरवरचं एअर काढायचं निपल उघडं असेपर्यंत पेडल सोडायचं नाही. ऑइल ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर छापलेल्या ग्रेडचंच, सीलबंद डब्यातलं घ्या. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून अर्धवट जुना डबा नको. एअर काढताना ही टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नका. हँडब्रेकच्या केबलचा ताण सगळ्यात शेवटी जुळवा.

पेडल घट्ट लागेपर्यंत अंगणाबाहेर जाऊ नका. आधी चालण्याच्या वेगात चार-पाच वेळा दाबून बघा, मग ड्रमच्या मागे हात फिरवून ओल नाही ना ते पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑइलची पातळी परत बघा. ती जराही उतरली असेल तर ड्रम पुन्हा उघडावा लागेल.