आजीचं डायलिसिस पाहून डॉक्टर व्हावंसं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे का?

हो, सुरुवातीला पुरेसं आहे. नीट-यूजीला मुलाखत नसते, त्यामुळे ते कुणाला पटवून द्यायचंही नाही. मी डायलिसिस युनिटमध्ये तंत्रज्ञ आहे. आजीच्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, असेल तर त्यावर अलगद बोट ठेवा, थरथर लागते. धमनी थेट शिरेला जोडलेली असते, म्हणून. असलं ‘का’ तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर जीवशास्त्राचे ३६० गुण ओझं वाटणार नाहीत. मात्र एमबीबीएसच्या साडेचार वर्षांतला मोठा भाग आणि पुढची वर्षभराची इंटर्नशिप अनोळखी रुग्णांतच जाते. तेव्हा फॉर्म भरण्याआधी आजीच्या डायलिसिसला तिच्यासोबत चारही तास थांबा आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचीही विचारपूस करा.