'डीफ्रॅगमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

विट्याहून संगणक शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: 'डीफ्रॅगमेंट'ला (म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग लावण्याला) 'विखंडन-निवारण' म्हटलं तर चालेल का? आणि एसएसडीवरही (तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हवर) ते करायचं का, असं मुलं विचारतात, त्यांना काय सांगू?

'विखंडन-निवारण' नको. विखंडन म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे अणुभट्टी येते. त्याहून चांगला शब्द तलाठ्याच्या दप्तरात तयार आहे: तुकडेजोड. 1947 चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा घ्या. त्याच्या इंग्रजी नावात 'फ्रॅगमेंटेशन'च आहे. वाटण्या होऊन एकाच घरची जमीन चार शिवारांत विखुरली की मशागत परवडत नाही, म्हणून तुकडे जोडून गट पाडायचे. आपल्या सातबाऱ्यावरचा 'गट नंबर' त्यातूनच आला.

हार्ड डिस्कवरही तेच. सलग मोकळी जागा नसली की मोठी फाइल मिळेल तिथे तुकड्यांनी लिहिली जाते. वाचताना हेडला, म्हणजे डिस्कच्या तबकडीवरून वाचणाऱ्या टोकाला, या तुकड्यावरून त्या तुकड्यावर धावावं लागतं, वर तबकडी फिरून तो भाग समोर येईपर्यंत थांबायचं. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी 8 मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. तुकडे शेकड्यांनी असले की मशीन रेंगाळलंच. तिथे खुशाल तुकडेजोड करा.

एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तुकडे कुठेही असले तरी फारसं बिघडत नाही. विंडोजला सलग दिसणारी जागा चिपवर सलग असतेच असंही नाही. ते ड्राइव्हचा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) ठरवतो. जोडाजोडीत लिहिणं मात्र वाढतं, आणि चिपमधल्या साठवणीच्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येतं. विंडोज 8 पासून डीफ्रॅगमेंटच्या खिडकीचं नाव 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' झालंय. तिथे एसएसडी निवडून 'ऑप्टिमाइझ'चं बटण दाबलं तर मुख्यतः ट्रिम होतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा सुटल्याची ड्राइव्हला वर्दी जाते. ('वर्दी'ही चावडीवरचीच.) हे आठवड्याला आपोआप होतं, ते बंद करू नका.

लिनक्सची ईएक्सटी 4 फाइल सिस्टम (फाइली डिस्कवर कुठे ठेवायच्या ते ठरवणारी व्यवस्था) जागा जरा उशिरा वाटून देते, म्हणजे फाइल शक्यतो सलग बसते. तिला तुकडेबंदी म्हणायला माझी हरकत नाही.

दुकानात 'फॉरमॅट मार'च्या चालीवर 'डीफ्रॅग मार' म्हणतात, तेही चुकीचं नाही. वर्गात मात्र 'हार्ड डिस्कची तुकडेजोड केली' असं लिहून द्या, स्त्रीलिंगी.