निघण्याआधी भागीदाराला भेट

जय ख्रिस्त. तुझा मेसेज नीट वाचला. धंदा बुडाला, भागीदाराशी बोलणं बंद झालं, आता बाहेर नोकरी मिळाली आहे आणि लवकरच निघायचं आहे. तू तीन प्रश्न विचारलेस: मी पळून जातोय का, एवढी प्रार्थना करूनही देवाने धंदा का वाचवला नाही, आणि तिकडेही आपटलो तर विश्वास टिकेल का. मधल्या प्रश्नावर मी वेळ घालवणार नाही. बायबलमधला ईयोब सगळं गमावून देवाला कारण विचारत राहिला. त्याला शेवटी देव भेटला, बोललाही भरपूर, पण कारण काही सांगितलं नाही. तुला कारण सांगायला येतील त्यांच्यापासून जरा जपून राहा. ईयोबाच्या मित्रांनीही तेच केलं होतं.

तुझ्या मेसेजात एक वाक्य तू घाईघाईने लिहून पुढे गेलास. शेवटचे काही महिने भागीदाराला खरे आकडे दाखवले नाहीत, असं ते वाक्य. बाकी सगळा मजकूर धंदा बुडाल्याबद्दल आहे. मला विचारशील तर आधी त्या एका वाक्याचं बघ.

धंदा बुडणं हे पाप नव्हे. मागणी घटली, उधारी अडकली, अंदाज चुकला, यासाठी देवाकडे क्षमा मागायची नसते. पण हरलेला माणूस प्रार्थनेला बसला की सगळं एकाच गाठोड्यात बांधतो आणि म्हणतो, प्रभू, मी नालायक आहे. ऐकायला नम्र वाटतं. त्यात धड कबुलीही नसते आणि धड रडणंही नसतं. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. ५१वं स्तोत्र कबुलीचं आहे. नाथान संदेष्ट्याने तोंडावर दोष दाखवल्यावर दाविद राजाने केलेली ती प्रार्थना. १३वं आणि ८८वं स्तोत्र वाच, त्यांत स्वतःच्या पापाची कबुली कुठेच नाही. तिथे माणूस देवालाच जाब विचारतो, कुठवर? का? ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. धंद्यासाठी तुला ही दोन स्तोत्रं लागतील. खोट्या आकड्यांसाठी ५१वं.

आणि त्या आकड्यांच्या बाबतीत नुसती प्रार्थना पुरणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपण हा भाग प्रभुभोजनाच्या आधी ऐकतो आणि आजूबाजूच्यांशी हात मिळवून मोकळे होतो. तुला खरोखर उठून जावं लागेल. निघायच्या आधी जा, कारण विमानात बसल्यावर हे काम फार अवघड होतं. बाहेरून फोन केलास तर त्याला वाटेल, आता स्वतःचं बस्तान बसलं म्हणून याला सुचतंय. जाताना हिशेबाचे कागद घेऊन जा. त्याला तुझ्यामुळे किती बसलं, त्यातलं तू कधी आणि किती फेडू शकतोस, हे लिहून ने. जक्कय या जकातदाराने येशूपुढे कबुली दिली तेव्हा रक्कमही सांगितली होती, चौपट. तू चौपट कबूल करू नकोस, जमेल तेवढंच कर. आणि कृपा करून, देवाने मला क्षमा केली आहे हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारू नकोस. भागीदाराने अजून केलेली नाही. कदाचित करणारही नाही. तरी जा.

कबुली कुणापुढे करायची यालाही महत्त्व आहे. येशूला धरलं त्या एकाच रात्री पेत्र आणि यहूदा हे त्याचे दोन्ही शिष्य पडले, यहूदाने त्याला धरून दिलं आणि पेत्राने त्याला नाकारलं. यहूदालाही पस्तावा झाला, त्याने धरून देण्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी परत नेऊन दिली, मी पाप केलं असं तोंडाने म्हणाला. पण म्हणाला ते मुख्य याजकांपुढे, आणि त्यांनी उत्तर दिलं, त्याचं आम्हाला काय? तिथून तो एकटाच निघून गेला. पेत्र ढसाढसा रडला, पण पुढे तो बाकीच्या शिष्यांतच सापडतो, त्यांच्याबरोबर मासे धरायला जातो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवापाशी त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? नाकारलंही तीनदाच होतं, तेही अशाच विस्तवापाशी. झालेली गोष्ट येशूने टाळली नाही आणि चारचौघांत तिची चिरफाडही केली नाही. तुलाही एक असा माणूस हवा, पाळक असो की थोरला मित्र, ज्याला सगळं माहीत आहे आणि जो तुला सोडून गेलेला नाही. तो निघण्याआधीच जोडून घे. नव्या देशात पहिल्या वर्षी असा माणूस मिळत नाही.

आता पळण्याबद्दल. योना संदेष्टा पळाला असं आपण म्हणतो, कारण त्याला देवाने निनवे नगराला जायला सांगितलं होतं आणि तो उलट्या दिशेच्या गलबतात चढला. तुला कुठली निनवे सांगितली आहे? कर्ज आहे, नोकरी आहे, पगारातून हप्ते जाणार आहेत. याला मी पळणं म्हणणार नाही. भागीदाराला न भेटता गेलास तर मात्र म्हणेन. एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुझ्या जास्त जवळची आहे. तो खरंच घाबरून पळाला, झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगरावर पोचल्यावर देवाने विचारलं, एलीया, तू इथे काय करतोस? मग कामाला लावलं, सोबतीला अलीशा दिला. तू झोप होत नाही असं लिहिलंयस, म्हणून हे सांगते. निघण्याआधी रात्रभर जागून प्रार्थना करण्यापेक्षा झोप. अनेक आठवडे झोप नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल तर डॉक्टरकडे जा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

माझं थोडं सांगते, तिसऱ्या प्रश्नासाठी. मी परदेशात नर्स म्हणून आले आणि इथल्या नोंदणीच्या परीक्षेत नापास झाले. ज्या कामात वर्षं घालवली होती ते करायची परवानगी नव्हती, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, भरवणं हे मदतनिसाचं काम धरलं. कामात कमीपणा नव्हता, त्रास वेगळाच होता. मी येताना चर्चच्या मंडळीने माझ्यासाठी हात ठेवून प्रार्थना केली होती. आता त्यांना काय सांगायचं? आपल्या सभांमध्ये साक्ष देतात ती नेहमी जिंकल्यानंतरची असते. देवाने परीक्षेत पास केलं, देवाने व्हिसा दिला. नापास झाले, देव आहे, आणि पुढचं माहीत नाही, अशी साक्ष द्यायला कुणाला बोलावल्याचं मी तरी पाहिलं नाही. त्यामुळे बाहेर राहणारे सुट्टीच्या दिवशी नीटनेटके कपडे घालून व्हिडिओ कॉलवर बसतात आणि सगळं ठीक आहे म्हणतात. मग प्रार्थनाही तशीच होऊ लागते, देवालासुद्धा आपण सगळं ठीक आहे सांगतो. तुझ्या विश्वासाला धोका आहे तो इथे. हरल्याने विश्वास जातोच असं नाही. हरल्याचं लपवत राहिलं की प्रार्थना आधी कोरडी होते, मग बंद पडते.

म्हणून घरी कुणाला तरी खरं कळवत जा, निदान एकाला. आणि तुझं ते आवडतं वचन, यिर्मया २९:११, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. यिर्मया संदेष्ट्याचं ते आख्खं पत्र वाच. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, कैद करून नेलेल्या लोकांना ते लिहिलेलं आहे, म्हणजे परमुलखात आणि तेही हरलेल्यांना. हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. ११वं वचन त्या सत्तर वर्षांनंतर लगेच येतं. चहाच्या कपावर छापताना सत्तर वर्षं गाळतात.

हनन्या आजही भेटतील. परदेशातल्या आपल्या लोकांत काही प्रार्थनागट असे असतात की तिथे व्हिसाच्या, नोकरीच्या भविष्यवाण्या होतात आणि पाठोपाठ अर्पण मागितलं जातं. विश्वासाने बी पेरा, शंभरपट येईल म्हणे. हरलेला, एकटा पडलेला माणूस त्यांना लांबून ओळखू येतो. तिथे पैसा दिलास आणि काही झालं नाही, तर वर तुझाच विश्वास कमी ठरतो. अशा ठिकाणी पाऊल ठेवू नकोस, तुझे पैसे भागीदाराचे आहेत.

आणि परत यावं लागलं तर? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मेसेजभर तोच आहे. मार्क म्हणवलेला योहान प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबर सुवार्तेच्या फेरीला निघाला आणि पंफुल्यातल्या पिर्गाहून यरुशलेमेला परत आला. का आला ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सांगितलेलं नाही. पुढच्या फेरीला पौल त्याला न्यायला तयार नव्हता, त्यावरून पौल आणि बर्णबाचं इतकं बिनसलं की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाला गेला. पुष्कळ वर्षांनी तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने ते शिक्षण झालं नाही. बाप्तिस्मा त्याच वर्षी तिथे झाला, पुढे अमेरिका झाली, आणि १८८९ मध्ये परतून त्यांनी शारदा सदन काढलं. डॉक्टर मात्र त्या कधीच झाल्या नाहीत. तुझंही असंच चांगलं होईल असं मी म्हणत नाही. परत येणाऱ्याला प्रभूच्या घरात जागा असते, एवढंच म्हणते.

जायचं की नाही हे मात्र आत्ताच्या मनःस्थितीत पुन्हा उकरू नकोस. लोयोलाचा इग्नाशियस या कॅथलिक संताचा यावर एक नियम आहे, तो आपण प्रोटेस्टंटांनीही घ्यावा असा: मन उजाड असताना आधी शांतपणे केलेला निर्णय बदलायचा नाही. तू निर्णय शांतपणे, बायकोबरोबर बसून केलास असं लिहिलंयस. मग तो राहू दे.

पोचल्यावर पहिल्याच रविवारी जवळच्या चर्चला जा, भाषा अर्धी कळली तरी. प्रभूची प्रार्थना कुठल्याही भाषेत चालीवरून ओळखू येते. मोठ्या उपासनेत कुणी तुला विचारणार नाही, म्हणून आठवड्यात घरी जमणारा छोटा गट शोध. आणि पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र, बाप्तिस्म्याचा आणि लग्नाचा दाखला घे. लग्नाचा दाखला बायकोच्या व्हिसालाही लागू शकतो. मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेव. भागीदाराकडे कधी जातोयस ते कळव, त्या वेळी मी इथे प्रार्थनेला बसेन.