देव पारोसे राहतील त्याचे काय?

“मुलांनी होकार दिला, नातेवाइकांनी नावे ठेवली नाहीत, पैशाची ओढ नाही, मग घरात सुख का नाही? या वयात लग्न करून आम्ही चूक तर केली नाही ना?” नाशिकमध्ये गेली एकोणीस वर्षे कौटुंबिक समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की समोरच्या खुर्चीवर बसलेले जोडपे तोंड उघडण्याआधीच तो मला ऐकू येतो. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ साली मान्यता दिली. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा वादाचा मुद्दा ‘असे लग्न करावे का’ हा होता. आज साठीच्या पुढची माणसे माझ्याकडे येतात ती ‘केल्यानंतर निभवायचे कसे’ हे विचारायला, आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी शिकवलेले नसते.

झी मराठीवर २०१९ साली सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’ या मालिकेचा उल्लेख अशा बैठकीत हमखास निघतो. निवेदिता सराफ यांनी साकारलेली विधवा आसावरी, गिरीश ओक यांचे अभिजित राजे, सासूचे लग्न व्हावे म्हणून खटपट करणारी सून शुभ्रा आणि त्या लग्नाला आडवा येणारा लाडावलेला मुलगा सोहम ऊर्फ बबड्या, हे चौघेही आपल्या घरांतून ओळखीचे झाले. सुनेने सासूसाठी स्थळाचा विचार करावा हे दृश्य लाखो घरांच्या दिवाणखान्यात पोहोचले, याबद्दल मला त्या मालिकेविषयी मनापासून आदर आहे. तरीही तिने नकळत एक सवय लावली. लग्नात कुरबुर झाली की माणसे आपल्या घरातला बबड्या शोधू लागतात. खरे तर आसावरीची अडचण मुलाच्या हट्टापेक्षा खोल होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटाकडे बघत जगलेल्या त्या बाईला, आपले आता वेगळे पान मांडले गेले आहे, हे स्वतःलाच पटवून देता येत नव्हते. मुलाने विरोध केला नसता तरी ही अडचण राहिली असती. असे मी ठामपणे म्हणते, कारण विरोध न करणारा मुलगा मी पाहिला आहे.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून ही हकिकत सांगते. नावे देत नाही. त्यांना काका आणि काकू म्हणू.

काका सदुसष्ट वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली होती, एकुलती मुलगी पुण्याला होती आणि ते इंदिरानगरच्या सदनिकेत एकटे राहत होते. काकू एकसष्ट वर्षांच्या, पती गेल्यानंतर चौदा वर्षे पंचवटीतल्या जुन्या घरात मुलगा, सून आणि नातू यांच्याबरोबर राहिलेल्या. ज्येष्ठ नागरिक संघाच्या वणीच्या सहलीत ओळख झाली आणि वर्षभराने विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी पद्धतीने लग्न झाले. त्या कायद्याला तीन साक्षीदार लागतात. त्यांतली पहिली सही काकूंच्या मुलाची होती.

लग्नाला चौदा महिने झाल्यावर ते माझ्याकडे आले. काका आधी बोलले.

“मॅडम, सहा वर्षे मी सकाळचा चहा एकट्याने घेतला. अजूनही एकट्यानेच घेतो. ह्या साडेसहाला निघतात, त्या अकराला येतात. पंचवटीला मुलाकडे. रोज.”

“रोज म्हणजे रोजच?”

“गेल्या आषाढात गुडघ्याएवढ्या पाण्यातून गेल्या. म्हटलं, रामकुंडाकडे पाणी चढलंय, आज नका जाऊ. तरी गेल्या.”

काकू पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, “सूनबाईला सातला बस असते. मुलाची रात्रपाळी, तो दहापर्यंत उठत नाही. देव पारोसे राहतील त्याचे काय?”

काकांचा निष्कर्ष तयार होता. मुलाने आईला लग्न करू दिले, पण सोडले नाही. बबड्याच तो, फक्त गोड बोलणारा. मी पुढच्या वेळी मुलाला आणि सुनेला बोलावले. मुलगा संकोचून म्हणाला, “मी आईला कितीदा सांगितलं की येऊ नकोस. ती येते, पूजा करते, डबा करते, आणि मी उठायच्या आत जाते. मला उलट अपराधी वाटतं.” तो खरे बोलत होता. त्या घरात खलनायक नव्हता, आणि अशा घरात समुपदेशकाचे काम अधिक अवघड होते.

मी मूळची कुटुंबाकडे एक अखंड वीण म्हणून पाहणारी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी मांडलेले एक सूत्र मला नेहमी वाट दाखवते: दोघांमधला ताण सोसेनासा झाला की तो तिसऱ्या कोणाला तरी ओढून घेतो. हा तिसरा कोण, हे ओळखले की निम्मे काम होते. इथे मी आधी मुलाला तिसरा मानले आणि त्या समजुतीवर एक तोडगा सुचवला, की काकूंनी आठवड्यातून तीनच दिवस जावे. तोडगा दोन आठवडेही टिकला नाही. उरलेल्या चार दिवशी काकू घरी असत, पण घरात नसत. साडेसातला फोन, आठला फोन. काका म्हणाले, “पूर्वी त्या निदान अकराला परत यायच्या.”

सहाव्या बैठकीत मी त्यांच्यापुढे कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली आणि पंचवटीच्या घरातले देवघर काढून दाखवायला सांगितले. कोणता देव कुठे, एवढेच. त्यांनी चौकट काढली. मधोमध गणपती. डावीकडे शंख, उजवीकडे घंटा. मागच्या ओळीत खंडोबाचा आणि सप्तशृंगीचा टाक. पुढे बाळकृष्ण आणि त्याच्या शेजारी एक अगदी लहान गोल, ज्याच्या हातात त्यांनी पळीसाठी एक रेघ ओढली. या एका देवाला त्यांनी पेन्सिल दोनदा फिरवली. ते मी पाहिले.

“यातले सासरचे कोणते आणि माहेरचे कोणते?” मी विचारले.

त्यांनी टाकांवर बोट ठेवले. “हे त्यांच्या घराण्याचे. माझ्या आधीपासूनचे.” मग बोट खाली आले आणि त्या लहान गोलापाशी थांबले. बराच वेळ ते तिथेच होते. बाहेर कॉलेज रोडवरच्या गाड्यांचा आवाज येत होता आणि मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणे हे शिकायला मला बरीच वर्षे लागली आहेत.

“अन्नपूर्णा माझी,” त्या म्हणाल्या. “आईने दिलेली. गौरीहराशी हिला पुजून मी बोहल्यावर चढले होते. बाळकृष्णही माझाच. दोघांना ओटीत घेऊन मी त्या घरात आले.” आणि मग कागदाकडेच बघत, हलक्या आवाजात: “म्हणजे इंदिरानगरला मी आलेच नाही हो.”

काकांनी मान वर केली. चौदा महिन्यांत प्रथमच त्यांनी चहाविषयी काही म्हटले नाही. त्यांनी विचारले, “केवढी आहे?”

“अंगठ्याएवढी.”

“जागा होईल,” ते म्हणाले, आणि वाक्य संपताना त्यांचा स्वर अडखळला.

तो का अडखळला, हे पुढच्या बैठकीत कळले. त्यांच्या देवघरात आधीच एक अन्नपूर्णा होती, पहिल्या पत्नीची. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिच्या हाताने लिहिलेल्या चिकटपट्ट्या होत्या: हळद, धणेपूड, भगर. काकू चौदा महिने त्या डब्यांतून वस्तू घेत होत्या आणि संपली की तीच वस्तू त्याच डब्यात भरत होत्या. एका देव्हाऱ्यात दोन अन्नपूर्णा ठेवू नयेत असे काकूंच्या मनात पक्के होते, आणि पहिलीला हलवा असे त्या कोणत्याही परिस्थितीत म्हणणार नव्हत्या. काकांनाही ते उमगले होते, म्हणून आजवर त्यांनी तो विषय काढला नव्हता. त्या चहाच्या तक्रारीमागे हे सगळे दडलेले होते.

माझ्या दृष्टीने ही हकिकत इथे उलगडली. काकूंना अडवणारे पंचवटीतले घर नव्हते, आणि काकांना छळणारा काकूंचा मुलगाही नव्हता. दोघांच्याही मनात एकेक पूर्ण झालेला संसार होता. त्यातले काय सोबत न्यायचे, काय मागे ठेवायचे आणि काय कोणाच्या हाती द्यायचे, याची वाटणीच झाली नव्हती. पहिल्या लग्नात ही वाटणी समाज करून देतो. रुखवत ठरलेले असते, ओटीत काय घालायचे ते ठरलेले असते, पाठवणीला कोणी रडायचे हेसुद्धा ठरलेले असते. साठाव्या वर्षी नोंदणी कार्यालयात सह्या करून माणसे रिक्षात बसतात आणि घरी येतात. मधला विधी कोणीच करत नाही. तो करून घेणे हे मी माझे काम समजते.

काकांनी मुलीला फोन केला. ती रडली, दोन आठवडे बोलली नाही, आणि मग दिवाळीच्या सुट्टीत येऊन आईची अन्नपूर्णा तांदळाच्या वाटीत ठेवून पुण्याला घेऊन गेली. काकूंनी तिची खणानारळाने ओटी भरली. टाक पंचवटीतच राहिले, कारण ते त्या घराण्याचे आणि आता मुलाचे. त्यांची पूजा मुलाने करायची असे ठरले. तो उठेल तेव्हा होईल, एखाद्या दिवशी होणार नाही, आणि हे काकूंनी सोसायचे. हा शेवटचा भाग सगळ्यांत जड होता, आणि त्यासाठी आम्हाला आणखी पाच बैठका लागल्या.

‘आम्ही चूक तर केली नाही ना?’ हा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांना माझे सांगणे असे की लग्न करण्याआधी किंवा झाले असेल तर आता, एकमेकांच्या घरातल्या वस्तूंची नावे घेऊन बोला. प्रेम आहे का, विश्वास आहे का, असल्या मोठ्या शब्दांवर साठीतली माणसे चटकन ‘हो’ म्हणून मोकळी होतात. देव कुठे बसणार, आधीच्या जोडीदाराचा फोटो कोणत्या भिंतीवर राहणार, सकाळी पहिला चहा कोण टाकणार, या प्रश्नांवर ती थांबतात, आणि जिथे थांबतात तिथेच बोलण्याची गरज असते. पितृपक्ष येण्याआधी त्याविषयीही ठरवून ठेवावे. पहिल्या पतीचे श्राद्ध मुलाने आपल्या घरी करावे आणि आईला हवे असेल तर तिने जावे. अविधवा नवमीला पहिल्या पत्नीचे पान वाढायचे असेल, तर ते दुसरीने मुकाट्याने वाढावे असे गृहीत धरू नये, तिला विचारावे. विचारले की बहुतेक जणी आनंदाने करतात, असा माझा अनुभव आहे. न विचारता अपेक्षिले की तोच स्वयंपाक वर्षभर मनात खदखदत राहतो.

मालमत्तेचा विषय मुले काढतात तेव्हा त्यांना लोभी ठरवण्याची घाई आपण करतो. काकांच्या मुलीला ती सदनिका गमावण्याची भीती होती, आणि ती भीती निराधार नव्हती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता पती गेला तर पत्नी आणि अपत्ये यांना सारखा वाटा मिळतो, मग ती पत्नी दुसऱ्या लग्नाची का असेना. पुढे तीही मृत्युपत्र न करता गेली, तर तो वाटा तिच्या स्वतःच्या मुलाकडे जाऊ शकतो. मृत्युपत्राने यावर वाट निघते: पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क आणि तिच्यानंतर घर मुलीला. मात्र त्याची शब्दरचना वकिलाकडूनच करून घ्यावी, कारण अशा मर्यादित हक्कांवरून न्यायालयात पुष्कळ वाद झालेले आहेत. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी करून ठेवलेली बरी. बँकेत नॉमिनी म्हणून नाव लावले म्हणजे वारसा ठरला असेही समजू नये. कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल, तर लग्नाआधी संबंधित कार्यालयाला लेखी विचारून घ्यावे. काकांनी मुलगी आणि काकूंचा मुलगा या दोघांना समोर बसवून मृत्युपत्र वाचून दाखवले. त्यानंतर मुलीचे फोन वाढले, आणि ते काकूंसाठीही येऊ लागले.

मुलांनाही एक सांगते. आईवडिलांच्या लग्नाला संमती देणे म्हणजे कागदावर सही करणे एवढेच नसते. आई आल्याशिवाय जे काम आपण करत नाही, ते काम तिच्या हातून काढून घेणे, ही खरी संमती. तिच्या डब्याची सवय असलेल्या मुलाने “येऊ नकोस” म्हणणे पुरेसे नाही. त्याने डबा करून दाखवावा लागतो.

आमच्या शेवटच्या बैठकीला दोघे सिटीलिंकच्या बसने एकत्र आले. बोलणे चालू असतानाच काकूंचा फोन वाजला. मुलगा होता. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता: “आई, पूजा झाली गं. सव्वाअकरा वाजले जरा.” काकूंच्या ओठांवर प्रश्न आलेला मला दिसला, अंघोळ करून केलीस ना, फुले ताजी होती ना, नैवेद्य काय दाखवलास.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि फोन पर्समध्ये ठेवून दिला.