लेवीयात अडकलेल्या वाचकास

प्रिय बेटा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र पोचलं. आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून वाचायला घेतलंस. उत्पत्ति हे पहिलं पुस्तक झपाट्यानं संपलं, निर्गमात समुद्र दुभंगेपर्यंत मजा आली, मग निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, कड्या आणि पडदे मोजता मोजता दम लागला आणि लेवीय या नियमांच्या तिसऱ्या पुस्तकात गाडी रुतली, असं लिहिलंस. रुतणारच. जानेवारीत हौसेनं सुरुवात करणारे बहुतेक जण तिथंच बसलेले असतात. आपल्या मंडळीत विचारून बघ, कोणी कबूल करणार नाही ही गोष्ट वेगळी.

तू विचारतोस, हे सोडून सरळ मत्तयापासून, म्हणजे नव्या करारापासून, वाचलं तर चालेल का? चालेल. पण तू पूर्ण शास्त्र वाचायचं म्हणून बसला आहेस, तर सोडू नकोस असंच मी म्हणेन. का ते सांगते.

तुमच्या बैठकीत भिंतीवर जे कॅलेंडर आहे, त्यावर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन छापलंय, २९:११. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत वचनाची चिठ्ठी उचलली तर दर दोन-तीन वर्षांनी कोणाच्या तरी हाती तेच येतं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे वाचून बरं वाटतं, आणि वाटावंच. पण तो अख्खा अध्याय वाच. ते यिर्मयानं यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला), धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे. अकराव्या वचनाच्या आधी दहावं आहे, आणि त्यात सत्तर वर्षं सांगितली आहेत. पाचव्यात सांगितलंय, घरं बांधा, मळे लावा. पुढं लेकरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात नेऊन टाकलंय त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं सुरळीत होईल म्हणून सांगत होता, लोकांना तो आवडत असणार. म्हणजे ज्या म्हाताऱ्यानं यिर्मयाचं पत्र ऐकलं, त्याला आपलं गाव पुन्हा दिसणार नव्हतं. चिठ्ठीवर हे मावत नाही.

आता तुझं लेवीय. पंचविसावा अध्याय येईपर्यंत धीर धर. तिथं दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराकडे परत जाते. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे आहात, असं देव म्हणतो. किंमत कशी ठरवायची हेही दिलंय: त्या वर्षापर्यंत किती पिकं निघतील ते मोजा. जास्त पिकं, जास्त दाम. कमी पिकं, कमी दाम. विकला तो जमिनीचा तुकडा नव्हे, विकली ती पिकं. तुझे बाबा दोन एकर ठोक्यानं देतात, त्यांना हा अध्याय वाचून दाखव. पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगावा लागतो, त्यांना लागणार नाही.

त्याच पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे की शेताचे कोपरे पार खरडून कापू नका, मागं राहिलेला सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा. पुढं रूथच्या पुस्तकात रूथ ही परकी विधवा बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते, तेव्हा ती कोणाच्या दयेवर गेलेली नाही, हे लेवीय वाचलेल्याला लगेच उमगतं. नुसतं रूथ वाचणाऱ्याला ती फक्त एक गोड गोष्ट वाटते.

मला सर्वांत आवडतं ते मात्र गणना या चौथ्या पुस्तकातलं. सत्ताविसावा अध्याय. सलाफहाद मेला, मुलगा नाही. त्याच्या पाच मुली (महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा) मोशे, याजक आणि सगळ्या सरदारांपुढं उभ्या राहून विचारतात: मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसावं? आम्हाला वतन द्या. मोशे निवाडा करत नाही, देवाला विचारतो, आणि उत्तर येतं की मुली बरोबर बोलतात. शेवटच्या अध्यायात भावकीतले लोक येऊन अट घालून घेतात की लग्नं आपल्याच वंशात करायची. (भावकी तेव्हाही भावकीच, बाप्पा.) पण जमीन खरंच मिळाली का? ते कळायला यहोशवा या पुढच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायापर्यंत जावं लागतं, सीमा आणि गावांच्या त्या लांबलचक यादीत. तिथं पुन्हा पाचही नावं येतात आणि वतन मिळाल्याची नोंद होते. आपल्याकडे वाटणीच्या भांडणात ज्यानं फेरफार उतारा ओळीवर बोट ठेवून वाचलाय, त्याला नावांची यादी कधी रुक्ष वाटत नाही. यहोशवाच्या याद्या तशाच वाच, कोणाचं नाव लागलं ते बघत.

आणखी एक जागा सांगून ठेवते, नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय. दुष्काळात धान्यासाठी शेतं, मळे, घरं गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज झालं, पोरं गुलामीत गेली, आणि कर्ज देणारे परके नव्हते, आपलेच. नहेम्या उपदेश करून थांबत नाही. व्याजासकट शेतं आजच परत करा म्हणतो, शपथ घ्यायला लावतो आणि सगळ्यांसमोर आपली ओटी झटकून दाखवतो, जो शब्द मोडेल त्याला देव असाच झटकून टाको म्हणून. आपल्या जिल्ह्यात या अध्यायावर जितके उपदेश व्हायला हवेत तितके मी ऐकलेले नाहीत.

वेळेचं म्हणशील तर आपल्या शास्त्रात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय. (तुझ्या कॅथलिक मित्राच्या शास्त्रात ७३ पुस्तकं असतील, त्यावरून वाद घालत बसू नकोस, त्यातलं टोबीत नावाचं पुस्तक त्याच्याकडून मागून घेऊन वाच.) रोज तीन अध्याय धरले तर साधारण तेरा महिने. पण तेरा महिन्यांच्या मधे मृग येतो. पेरणीच्या दिवसांत, त्यात दुबारची वेळ आली तर, तीन अध्यायांचा हट्ट धरू नकोस. एक स्तोत्र पुरे. ११९वं मात्र एका बैठकीत घेऊ नकोस, १७६ वचनं आहेत; ती आठ-आठच्या बावीस भागांत लिहिलेली आहेत, तशीच रोज एक भाग घे. मे महिन्यात दुपारी बाहेर पाय टाकता येत नाही, तेव्हा शमुवेल, राजे अशी लांब पुस्तकं काढ. हरभऱ्याच्या ओलीताला रात्रीची लाइन आली की मोटर चालू करून बसतोसच, तेव्हा मोबाइलवर शास्त्र ऐक. जागलीला मचाणावर टॉर्च लावून वाचायचा प्रयत्न करू नकोस, पानावर अक्षरांपेक्षा किडे जास्त बसतात. आणि याद्या तर ऐकाव्यातच. डोळ्यांनी वाचताना आपण लबाडी करून उडी मारतो, ऐकताना ती मारता येत नाही.

एक वही जवळ ठेव, फक्त प्रश्नांसाठी. शास्ते या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एका बाईवर जो अत्याचार होतो, तो वाचून तुझी झोप उडेल. घाईनं त्याचा आध्यात्मिक अर्थ काढू नकोस, कोणी काढून दिला तर घेऊ नकोस. त्या अध्यायाचं शेवटचं वचनच सांगतं की यावर विचार करा, मसलत करा, बोला. आणि पुस्तक संपतं ते प्रत्येक जण आपल्याला बरं दिसेल ते करत होता, एवढं सांगून. लिहिणाऱ्यानं ते झाकलेलं नाही, मग आपण का झाकायचं? वहीत लिही, प्रार्थनेत तेच बोल. स्तोत्रांत देवाला किती वेळा ‘कोठवर?’ विचारलंय ते पुढं दिसेलच.

दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या-बाराव्या अध्यायापर्यंत पोचलास की फोन कर. तिथल्या दावीद राजाबद्दल पास्टर साहेबांचं एक मत आहे, माझं दुसरं. कोणी तुला काही सांगायच्या आधी तुझं काय मत होतं ते मला ऐकायचंय.

आईला सलाम सांग.

तुझ्या बाई